भाड्याचा नवरा

गरोदर बाईने पहिल्या तपासणीला नवऱ्याला घेऊन यायचं, हा आमच्या दवाखान्याचा नियम. नवरा गावात नसेल तर मुखियाची चिठ्ठी आणायची. माझा लिंबानी जोहान्सबर्गला खाणीत. आणि चिठ्ठी मागितली असती, तर मुखियाच्या बायकोने दिवस मावळायच्या आत ती बातमी घरोघर पोचवली असती. आमच्याकडे पोट लपेनासं होईपर्यंत कुणी बोलत नाही; करणी होते म्हणतात. माझी आधीची दोन गेली होती. म्हणून सहावा सरत आला तरी मी कमरेला एकावर एक दोन चितेंजे, आमची लुंगीसारखी कापडं, गुंडाळून गावभर फिरत होते.

पण दोन दिवस पोटात काही हललं नव्हतं.

मी बाजारात वायसनला गाठलं. सायकलच्या कॅरिअरवरून माणसं पोचवणं हा त्याचा धंदा. अडलेल्या बायकांचा तो नवराही व्हायचा.

"सोडायचे वेगळे, नवरा व्हायचे वेगळे," तो म्हणाला. "सिस्टरच्या शिव्या खाव्या लागतात."

"खा की. फुकट थोडीच सांगतेय?"

दवाखान्यात सिस्टर मेरेसीने त्याला पाहून चष्मा खाली ओढला. "या जावईबापू. या महिन्यातली ही तिसरी ना?"

"मागच्या मंगळवारी माझा होता," बाकावरून एक बाई म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

"ऊठ बाई," सिस्टर मला म्हणाली. "चिठ्ठी आण, मग बघू."

मी उठले नाही. सहा महिने तोंड शिवून बसलेली मी, सगळ्यांदेखत बोलून गेले, "सिस्टर, दोन दिवस झाले. हलत नाहीये."

हसणं थांबलं. सिस्टरने पुन्हा चिठ्ठीचं नाव काढलं नाही. आत नेऊन निजवलं, पोटावर लाकडी कर्णा टेकवून कान लावला. जागा बदलली. पुन्हा बदलली. मी छपराच्या पत्र्याकडे बघत राहिले.

"आहे," ती म्हणाली. "चांगलं पळतंय."

"मला ऐकू द्या."

"स्वतःच्या पोटाला कान पोचतो का कुणाचा?" तिने दाराकडे पाहिलं. "ए नवरोबा, ये इकडे. जसं ऐकू येईल तसं हिच्या हातावर वाजव."

वायसन बिचकत वाकला. त्याने डोळे मिटले आणि त्याचं बोट माझ्या मनगटावर पडायला लागलं. टक टक टक टक. इतकं भरभर, की मला वाटलं हा चुकतोय. सिस्टर म्हणाली, बरोबर आहे. माझ्या आत, मला न विचारता, कुणाचं तरी काळीज एवढं धावत होतं.

वायसन कर्णा सोडेना. सिस्टरने तो काढून घेतला.

"माझी सहा आहेत," तो हळूच म्हणाला. "सहाही वेळा मी बाहेर सायकलपाशी उभा होतो."

परतताना कॅरिअरवर मी वरचं चितेंजे सोडून मांडीवर घेतलं होतं. वायसनचं बोट वाटभर हँडलवर वाजत होतं. बाजाराच्या तोंडाशी मुखियाची बायको आडवी आली. "अगं तादाला, कुठून आलीस?" तिची नजर माझ्या पोटावर होती.

"दवाखान्यातून," मी म्हटलं. "वायसन, थांब जरा. यांच्या हातावर वाजवून दाखव."