दोन तिकिटं

दिपमालाने कथा वाचून संपवली आणि कागद मांडीवर ठेवले. पलंगावर टेकून बसलेली तिची आई, भिकुबाई, जरा सावरून बसली. मग म्हणाली, “चांगलं शे. पन हाई बाई कोन शे?”

ती बाई भिकुबाईच होती. तीस वर्षांपूर्वी धुळ्याच्या दवाखान्यातून नवऱ्याला गावी नेताना तो बसस्टँडवरच वारला. दुसरं वाहन मिळेना. तिने त्याला झोपल्यासारखं बसच्या खिडकीशी बसवलं, गळ्यापर्यंत शाल ओढली आणि दोन तिकिटं काढली.

दिपमाला पिंप्राळ्यातल्या एका शाळेत क्लार्क. आवडत्या लेखकाचं लेखन हाताने उतरवलं की आपली भाषा सुधारते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. अकरा वर्षं ती रोज शाळेत जाण्याआधी एका लेखकाचं एक पान उतरवत आली. भाषा खरंच सुधारली. शाळेतली मानपत्रं लिहायचं काम तिच्याकडे आलं. पण कथा पाठवल्या तेव्हा एका संपादकांनी फोन करून हळू आवाजात सांगितलं की लिहिता छान, फक्त हे सगळं त्या लेखकाचंच वाटतं. म्हणून तिने दुसऱ्या कुणाची असूच शकणार नाही अशी ही गोष्ट निवडली होती.

तिने आईला सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि वही उघडली. आई सांगत होती की भर दुपार होती, बसचा पत्रा तापला होता. दिपमालाने खाली पाहिलं. तिने लिहिलं होतं, ‘सांज कलली होती.’ त्या लेखकाच्या पानांत माणसं सांजेलाच मरत. तिने ते खोडलं. ‘दुपार होती,’ असं लिहिलं आणि पुढे आपोआप त्या लेखकाचंच ‘आणि तरीही’ आलं. तेही खोडलं.

“तू रडली नाहीस?”

“रडाना येळ कोठे व्हता? लोके मोटारमाईन उतारी देतात.”

मग आईने आजवर न सांगितलेलं सांगितलं. वाटेत सोनगीरलाच कंडक्टरला कळलं होतं. त्याने शालीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता शेजारच्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही. गाव आलं तेव्हा त्यानेच खांदा दिला.

आई उशीला टेकली. दिपमाला वहीवर वाकली. त्या कंडक्टरसाठी तिला लागोपाठ पाच वाक्यं सुचली. पाचही सुंदर होती, आणि पाचही त्या लेखकाचीच वाटत होती. तिने पेनाला टोपण लावलं.