पाणियाऱ्यावरचा हंडा

मित्रांनो, माझ्या पोटावरचे हातोडीचे ठोके मोजायला बसलात, तर मोजता मोजता तुमची शाळा बुडेल. मी तांब्याचा हंडा आहे. वयाने म्हाताराच म्हणा. आमच्या भावनगरात मला ‘हांडो’ म्हणतात, पण तुम्ही हंडा म्हणून हाक मारलीत तरी मी ओ देईन.

माझा जन्म सिहोरचा. तिथल्या एका तांबटाने मला भट्टीत लाल केलं, ऐरणीवर घेतलं आणि ठोकून ठोकून हे गोल पोट दिलं. तेव्हा मला त्याचा फार राग यायचा. आता कळतं, प्रत्येक ठोका मला पाणी धरायला शिकवत होता. त्या हातांचे उपकार मी विसरलेलो नाही.

रसीलाबेन नावाच्या नव्या नवरीबरोबर मी तिच्या सासरी आलो. सासर कसलं, भाड्याची एक खोली! पण त्या खोलीतही पाणियारं होतं. पाणियारं म्हणजे पिण्याच्या पाण्याची भांडी ठेवायचा ओटा. घरातली गेलेली माणसं त्या ओट्यावर वस्तीला असतात, असं आमच्याकडे मानतात. म्हणून तिथे रोज संध्याकाळी दिवा लागतो, आणि दारात पाहुणा आला की आधी तिथलं पाणी त्याच्या हातात जातं.

रसीलाबेनचे यजमान प्रागजीभाई रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. पुढे त्यांनी स्वतःचं घर बांधलं. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे लिंबाचं झाड. त्या घरात आम्ही सगळे सुखाने राहिलो. भार्गव नावाचा मुलगा तिथेच लहानाचा मोठा झाला. रसीलाबेन सगळ्यांच्या ‘बा’ झाल्या आणि प्रागजीभाई ‘बापुजी’. शेजारणी माझं पाणी पिऊन म्हणायच्या, “रसीलाबेन, तुमच्या घरचं पाणी प्यायलं की उठवत नाही हो.” बा म्हणायच्या, “मग उठताय कशाला? रोटले टाकते.” तो मान माझा होता, मित्रांनो. पुष्कळ मिळाला.

मग फ्रिज आला. त्याच्यामागून पाणी गाळणारं एक पांढरं यंत्र आलं. त्याचा निळा डोळा सारखा लुकलुकायचा. माझ्याकडे वळणारे हात कमी झाले. भार्गवचं लग्न होऊन तोरल आली. ती सुरतेला फ्लॅटमध्ये वाढलेली, कॉलेज शिकलेली. तिला मुलगी झाली, हेली, आणि त्या दिवसापासून तोरलच्या जिवाला घोर लागला. हेलीला कोणत्या पाण्याने काय होईल, कुठल्या पायरीवरून ती कशी पडेल, सगळं तिला आधीच दिसायचं. माझ्यात भरायचं पाणीसुद्धा ती आधी त्या यंत्रातून गाळून घ्यायची. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी रिकामा तर नव्हतो ना!

नंतर बा गेल्या. तेव्हापासून बापुजी स्वतः मला भरू लागले. दिवा लावायचे आणि ओट्याजवळ उभे राहून बांना दिवसभराची हकीकत सांगायचे. “आज हेलीनं माझा चष्मा पिठाच्या डब्यात टाकला. मी तो शोधत बसलो, ती हसत बसली. अगदी तुझ्यावर गेलीय.” घरात कोणी त्यांना हसत नसे. तोरल तर तेवढा वेळ मिक्सरही लावत नसे.

भार्गवची नोकरी बडोद्याला होती. तिथे तो एका मित्राच्या खोलीत राहायचा आणि रोज फोनवर दिसायचा. त्यामुळे पप्पा फोनमध्ये राहतात, अशी हेलीची पक्की समजूत झाली होती. एकदा तो खराखुरा दारात येऊन उभा राहिला, तर ती किंचाळून आईच्या मागे लपली. भार्गव गुडघ्यांवर बसला, हात पसरले. “हेलू, मी पप्पा.” हेलीने फोनकडे बोट दाखवलं. “पप्पा त्यात.”

सगळे खूप हसले. तोरलही हसली. मग पाणी घ्यायच्या निमित्ताने ती माझ्याकडे आली आणि बराच वेळ पेला भरेना. ओढणीने डोळे पुसायची आणि परत पेला बुडवायची. 

त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं, सगळ्यांनी एका छपराखाली राहायचं. बडोद्यात एक लहानसा फ्लॅट भार्गवने बघून ठेवला होता. पण हे घर विकलं तरच तो घेता येणार होता, आणि घर बापुजींचं होतं.

“बापुजी, घराचं काय करायचं?” तोरल विचारायची.

“जोईशुं,” बापुजी म्हणायचे. म्हणजे, बघू.

हो नाही, नाही नाही. नुसतं ‘बघू’. ते ऐकून तोरलची भूक मरायची. रागावले असते तर तिने समजावलं तरी असतं. पण ‘बघू’ला काय समजावणार?

तरी गिऱ्हाइकाला घर दाखवायला त्यांनी अडवलं नाही. वजुभाई नावाचे दलाल आले, गाठियाची पुडी उलगडून ओसरीवर बसले आणि खाता खाता त्यांनी धडा दिला. “तोरलबेन, एक लक्षात ठेवा. घर असं दिसलं पाहिजे, जसं यात कोणी कधी राहिलंच नाही. तुमची खूण दिसली की घेणाऱ्याला ते परक्याचं वाटतं.”

तोरल परीक्षेचा अभ्यास करावा तशी कामाला लागली. भिंतींना रंग दिला. गळका नळ बदलला. हेलीने रेघोट्या मारलेला दरवाजा घासून काढला. बापुजींच्या टोपीची खुंटी दिसली तेव्हा मात्र ती थांबली.

“बापुजी, ही खुंटी काढू?”

“जोईशुं.”

“टोपी कुठे ठेवाल मग?”

“डोक्यावर,” बापुजी म्हणाले आणि हिंचक्यावर झोका घेत राहिले.

गिऱ्हाईक यायच्या सकाळी बापुजी भाजी आणायला गेले होते. तोरलने सगळं घर नजरेखालून घातलं, आणि तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी काळवंडलो होतो, खरं आहे. तिने माझं पाणी लिंबाला घातलं, चिंच आणि मीठ लावून मला घासलं, आणि सुकावं म्हणून पाणियाऱ्यावर पालथं घातलं. किती मायेने घासलं होतं तिने! मी आरशासारखा चमकत होतो. पण मित्रांनो, मला तोंड असूनही बोलता येत नाही, याचं दुःख मला त्या दिवशी झालं तेवढं कधीच झालं नव्हतं. आमच्याकडची जुनी माणसं पाणियाऱ्यावर पालथा हंडा बघतात तेव्हा एकच अर्थ घेतात, या घराचं पाणी तुटलं; कोणी गेलं, आणि ओट्यावरची माणसंही निघाली. सुरतेच्या फ्लॅटमध्ये हे तिला कोण सांगणार होतं?

वजुभाईंनी आणलेलं गिऱ्हाईक म्हणजे एक शिक्षक, त्यांची बायको आणि त्यांच्याबरोबर त्यांची आत्या, दिवाळीफोई. फोईंना सगळं पसंत पडत गेलं. “हवा चांगली आहे. लिंब पण आहे, लोणच्याची सोय झाली. पाणियारं कुठे?”

तोरलने हौसेने दाखवलं. फोई जागच्या जागी थांबल्या आणि त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. “कोण गेलं, बेटा?”

“कोणी नाही, फोई. सुकायला ठेवलाय.”

“सुकायला? हंडा आहे का लंगोट, वाळत घालायला?”

तोरलच्या हातात फ्रिजमधल्या पाण्याचे पेले होते. शिक्षकांनी हात पुढे केला होता, तो फोईंनी डोळ्यांनीच मागे घ्यायला लावला. “पाणी पुन्हा कधीतरी पिऊ,” असं म्हणून तिघं निघाले. वजुभाईंनी कपाळावर हात मारला आणि त्यांच्यामागे धावले.

तेवढ्यात बापुजी आत आले. त्यांनी मला पाहिलं. पिशवी खाली ठेवली, दोन्ही हातांनी मला सरळ केलं आणि हळू आवाजात म्हणाले, “तोरल बेटा, तुझ्या बांना घराबाहेर काढलंस.”

ते ओरडले नव्हते. म्हणूनच तोरलचा बांध फुटला. “मला माहीत नव्हतं हो, बापुजी! मला कोणी सांगितलंच नाही. मी काही केलं तरी तुम्ही ‘बघू’ म्हणता. माझ्या मुलीला तिचा बाप ओळखता येत नाही, मी अजून किती बघू? तुम्ही एकदा नाही तरी म्हणा!”

बापुजी हिंचक्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “नाही कसं म्हणू? हेली माझीही आहे. पण मी बडोद्याला गेलो तर तुझी बा इथे एकटी राहील. दिवा कोण लावेल? संध्याकाळी तिच्याशी बोलेल कोण?”

तेव्हा कुठे तोरलला कळलं, की ‘बघू’च्या आत काय दडलं होतं. तिने डोळे पुसले, त्यांच्या पायाशी बसली आणि विचारलं, “बापुजी, तुम्ही भाड्याची खोली सोडलीत, तेव्हा तिथल्या पाणियाऱ्यावरचे तुमचे आईवडील तिथेच राहिले का?”

“छे! तसं कसं? ते आले ना.”

“कसे आले?”

बापुजी आठवू लागले आणि त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. “तुझ्या बांनी बोलावलं त्यांना. पाणियाऱ्यापुढे हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, तुमच्या मुलानं घर बांधलंय, आता तिकडे चला. आणि मग पत्ता सांगितला! पोस्टामागची गल्ली, लिंबाचं झाड, चुकलात तर कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारा. मी म्हटलं, अगं, ते काय पानवाल्याला विचारतील? तर मलाच म्हणाली, तुमच्या वडिलांना रस्ते कधी लक्षात राहिलेत का?”

खरं आहे, मित्रांनो. मी त्या दिवशी सायकलच्या मागे काठोकाठ भरून बसलो होतो. सगळं ऐकलं होतं.

तोरल रडता रडता हसली. “मग बापुजी, आपणही सांगू ना पत्ता.”

“जोईशुं,” बापुजी म्हणाले. पण हे म्हणताना ते पंच्याने माझं पोट पुसत होते.

दुसऱ्या दिवसापासून तोरल मला स्वतः भरू लागली. खुंटी परत भिंतीवर लावली, टोपी तिच्यावर टांगली. वजुभाईंना फोन करून म्हणाली, “फोईंना सांगा, चूक माझी होती. आम्ही इथे राहतो आहोत, राहतो तसंच घर दाखवू.”

रविवारी फोई शिक्षक, त्यांची बायको आणि वजुभाई यांना घेऊन पुन्हा आल्या. भार्गवही आला होता. फोई सरळ माझ्यापाशी आल्या, आत डोकावल्या, पाणी मागून घेतलं आणि प्यायल्या. मग दुसरा पेला मागितला. “हं,” तोंड पुसत त्या म्हणाल्या, “आता बोला.”

सगळे बापुजींकडे बघायला लागले. तोरलने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. बापुजी उठले. पाणियाऱ्यापुढे आले, टोपी सारखी केली आणि हात जोडले.

“रसीला, ऐक. बडोद्याला उतरायचं. तिथून… भार्गव, तिथून कसं?”

भार्गव गांगरला. “पाण्याच्या टाकीकडे, बापुजी. टाकीला लागून पिवळी इमारत.”

“ऐकलंस ना? टाकीजवळची पिवळी इमारत. तिसरा मजला.”

शिक्षक बायकोला हळूच म्हणाले, “काका कोणाशी बोलताहेत?” फोईंनी त्यांना कोपर मारलं आणि पुढे होऊन विचारलं, “तिसरा मजला? आणि लिफ्ट?”

“लिफ्ट आहे, रसीला,” बापुजी म्हणाले. “गुडघ्यांची काळजी करू नकोस. चल आमच्याबरोबर.”

फोईंनीही हात जोडले. बापुजी वळले आणि म्हणाले, “वजुभाई, तोंड गोड करा सगळ्यांचं. घर फोईंचं. फोई, दिवा तेवढा लावत जा.”

“ते काय सांगायला लागतं?” फोई म्हणाल्या.

मित्रांनो, उद्या सामानाचा टेम्पो येईल. मला टेम्पोत घालायचं नाही, असं तोरलने बजावलं आहे. मी भरलेला, तिच्या मांडीवर बसून जाणार. पाणी सांडेल म्हणून तिला आत्तापासूनच काळजी लागली आहे. मला मात्र कसली काळजी नाही. ज्या हातांनी मला घडवलं, भरलं, घासलं, चुकून पालथंही घातलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

तुमच्या घरीही कधी घर विकायचं बोलणं निघालं, तर भिंतींना रंग द्या, नळ बदला. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ जरा बसा आणि त्याला विचारा, “तुम्हाला इथून कोणाला बरोबर घ्यायचंय?”