नुसती मान हलवली

चिमणी लग्नाच्या गाऊनची मापं द्यायला आली तेव्हा शिवणकाम करणाऱ्या पाळकीणबाईंनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या बायकोने, तिला स्टुलावर उभं केलं आणि गळ्यातला टेप काढला. चिमणी हे तिचं चर्चच्या मंडळीत पडलेलं नाव. चणीने लहान आणि तोंडाला विसावा नाही. चर्चच्या बालवाडीत ती शिकवायची, आणि आता तिचं लग्न ठरलं होतं, वखारवाल्यांच्या मुलाशी.

"बाही कोपरापर्यंतच ठेवा बाई. मला फार उकडतं," ती म्हणाली.

पाळकीणबाईंचा हात थांबला. याच स्टुलावर त्या मुलाची पहिली बायको उभी राहिली होती. ऐन उन्हाळ्यात तिने मनगटापर्यंत बाही मागितली होती, आणि माप घ्यायला दंड धरला तशी ती कळवळली होती. बाईंनी कापड वर सरकवलं, तर दंडावर बोटं उमटलेली. काही निळी, काही पिवळट. म्हणजे एका दिवसाची गोष्ट नव्हती.

"बाई, टेप टोचतोय," चिमणी हसून म्हणाली.

ती गेल्यावर बाई मशीनपाशी बसल्या, पण सुईत दोरा जाईना.  राग त्या मारकुट्यावर होताच. पण त्याहून मोठा राग आपल्या नवऱ्यावर होता, ज्याने आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता आणि ज्याला सगळे देवमाणूस म्हणत.

कोणे एके काळी तो माणूस खरोखर तसा होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मंडळीतल्या एका बड्या कंत्राटदाराला त्यांनी चर्चच्या दारातच सांगितलं होतं, "मजुरांचे पैसे दे, मग प्रभुभोजनाला ये." कंत्राटदार पुन्हा आला नाही, त्याची वर्गणीही बंद झाली. पाळकांना त्याचं काही वाटलं नाही. दोघांनी ते वर्ष ओढाताणीत काढलं, आणि बाईंना नवऱ्याचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

मग वखारवाले मंडळीत आले. लाकडाची वखार, माणसाला बोलायची हौस, आणि देणगीला हात सढळ. एका रविवारी पाळकांनी खोट्या मापाबद्दल प्रवचन तयार केलं होतं. घरी बाईंना वाचूनही दाखवलं होतं. उपासनेत पुढच्या बाकावर वखारवाले बसलेले दिसले आणि तेवढा भाग त्यांनी गाळला.

"विसरलात का?" बाईंनी घरी विचारलं.

"नवीन माणूस आहे. पहिल्याच महिन्यात अंगावर कशाला जायचं?"

ते बाईंनाही पटलं. पुढे मोडक्या बाकांच्या जागी सागवानी बाकं आली. मग पाळकांच्या घराची गळकी कौलं जाऊन नवं छप्पर आलं. कुणी काही मागितलं नाही, कुणी काही कबूल केलं नाही. पण माणूस मिंधा व्हायला करार लागत नाही. वखारवाल्यांचा मुलगा दारू पिऊन चर्चला आला तेव्हा पाळक म्हणाले, ताप असेल. त्याला कार्यकारी समितीवर घेतलं तेव्हा म्हणाले, जबाबदारी आली की सुधारेल. प्रत्येक वेळी गोष्ट इतकी बारीक असायची की तिच्यावरून भांडणाऱ्यालाच भांडखोर म्हटलं असतं.

दंडावरची बोटं बाईंनी त्याच दिवशी नवऱ्याला सांगितली होती. पाळक खरोखर हादरले. दुसऱ्या दिवशी वखारीत गेले, आणि चहा पिऊन परत आले.

"बोललो मी. तो रडला हो. आम्ही सोबत प्रार्थना केली."

"आणि तिच्याशी?"

"तिलाही सांगितलं, धीर धर. क्षमा कर."

तिने धीर धरला. पाळकांनी सांगितलं म्हणून धरला. वर्षभराने तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. ती चर्चसमोरून गेली तेव्हा डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली होती. समितीच्या बैठकीत वखारवाले म्हणाले, "सून घर सोडून गेली. आमच्या मुलाचा काही दोष नाही. पाळकांना सगळं ठाऊक आहे." सगळ्यांनी पाळकांकडे पाहिलं.

"तुम्ही काय म्हणालात?" बाईंनी विचारलं होतं.

"काही नाही. नुसती मान हलवली."

त्या मानेवरच आज चिमणीचं लग्न उभं होतं. मंडळीचा नियम साधा होता. जोडीदार सोडून गेला असेल तर मागे राहिलेल्याला पुन्हा लग्न करता येतं. मारून पळवून लावलं असेल तर येत नाही.

बाईंनी आधी चिमणीला गाठलं. बालवाडीत ती मुलांचे रंगाचे खडू डब्यात भरत होती. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. चिमणीचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"त्यांनी सांगितलंय मला. तिला वेडाचे झटके यायचे म्हणे. स्वतःलाच मारून घ्यायची."

"दंडाच्या मागच्या बाजूला स्वतःची बोटं अशी उमटत नाहीत गं."

"बाई, तुम्ही म्हणता ते खरं असतं, तर पाळकांनी लग्न लावायचं कबूल केलं असतं का?"

 पाळकांच्या चांगुलपणावर विसंबून ही पोरगी त्या घरात पाऊल टाकणार होती. पाळक लुच्चा असता तर ती निदान सावध राहिली असती.

त्या दिवशी जेवताना बाईंनी ताट बाजूला सारलं. "तुम्ही हे लग्न लावायचं नाही."

पाळक घास हातात धरून बसले. "माणूस बदलतो. पश्चात्तापावर आपला विश्वास आहे ना?"

"पश्चात्ताप झाला असता तर तो तिच्या दारात गेला असता. तुमच्यासोबत चहा पीत नसता बसला."

"अगं, आता सांगितलं तर लोक विचारतील, तेव्हा का गप्प बसलात?"

"विचारू देत की."

"मग माझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवतील ते?"

"म्हणजे तुमचा शब्द खरा दिसावा म्हणून त्या पोरीने मार खायचा."

पाळक उठले आणि हात धुवायला गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला. तळपायाची आग मस्तकात गेली तरी बाई तिथेच बसून राहिल्या. भांडी आपटायचीही त्यांना लाज वाटली. एवढ्या रागाला भांडी पुरणारी नव्हती.

लग्नाची घोषणा तीन रविवार उपासनेत करायची रीत होती. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी पाळकांनी दोघांची नावं वाचली आणि खाली बघतच विचारलं, "या विवाहाला कुणाची हरकत आहे का?"

"माझी आहे," पाळकीणबाई उभ्या राहून म्हणाल्या.

 वखारवाले मागे वळले. त्यांचा मुलगा पुढेच बघत राहिला.

"याने पहिल्या बायकोला मारलं. तिच्या अंगावरचे वळ मी पाहिलेत. ती सोडून गेली नाही, जीव वाचवून गेली. पाळकांना हे ठाऊक आहे."

सगळी डोकी पाळकांकडे वळली, त्या बैठकीत वळली होती तशीच. पाळकांनी पुस्तक मिटलं. 

"माझ्या पत्नीची तब्येत अलीकडे बरी नसते," ते म्हणाले. "आपण तिच्यासाठी प्रार्थना करू."

लोकांनी माना खाली घातल्या. बाई उभ्याच होत्या. संसारात त्यांना पुष्कळ राग आले होते, पण हा निराळा होता. यात हातपाय थंड पडले आणि डोकं लख्ख झालं. हाही एक बारीकच शब्द होता. कुणी खोटं म्हणू शकलं नसतं. तब्येत कुणाची बरी असते?

"प्रार्थना नंतर करा," त्या म्हणाल्या. "आधी एवढंच सांगा, मी बोलले ते खोटं आहे का?"

 पाळकांनी पेटीवाल्याकडे पाहून गीत सुरू करायची खूण केली. पेटीवाल्याने भाता हलवला, एक सूर निघाला, आणि तेवढ्यात पुढच्या बाकावरून चिमणी उठली.

"पाळक, खोटं आहे का?"

तिचा आवाज बालवाडीतलाच होता, पोरांना समजावतानाचा. पाळक तिच्याकडे बघू शकले नाहीत. त्यांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. चिमणीने पर्स उचलली आणि बाकांच्या मधून चालत बाहेर गेली. वखारवाल्यांचा मुलगा तिच्या मागे धावला आणि दाराशी त्याने तिचा दंड धरला. सगळ्यांच्या देखत, इतक्या सवयीने धरला की मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "सोड रे तिला." मग आणखी दोघंजण उठले. त्याने सोडलं.

लग्न मोडलं. बाईंना वाटलं होतं, चिमणी येऊन गळ्यात पडेल. ती आली, पण स्टुलावर बसली नाही, दारातच उभी राहिली.

"आभार मानायला नाही आले. एक विचारायचंय. माझ्यासाठी उभ्या राहिलात, मग तिच्यासाठी का नाही? तेव्हाही वळ पाहिलेच होते ना तुम्ही?"

"मी यांना सांगितलं होतं."

"यांना सांगितलं," चिमणी म्हणाली, आणि निघून गेली. तिने बालवाडी सोडली आणि चर्चही सोडलं.

पाळकांना मात्र कुणी काढलं नाही. वखारवाल्यांनी उलट समितीत त्यांची बाजू घेतली, "बिचाऱ्यांनी बायकोपायी किती सोसलं." हे ऐकलं त्या दिवशी बाईंनी शिवणयंत्र हातगाडीवर घालून बाजारातल्या एका खोलीत हलवलं. नवऱ्याला म्हणाल्या, "त्या छपराखाली मला झोप येत नाही. तुम्ही त्याच्या पहिल्या बायकोकडे जाल आणि खरं बोलाल, त्या दिवशी मला बोलवा."

पाळक कितीतरी आठवडे आले नाहीत. आले तेव्हा दाढी वाढलेली होती. "चल," एवढंच म्हणाले. "एकट्याने जमायचं नाही मला."

पहिली बायको दुसऱ्या शहरात भावाजवळ राहत होती. एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर खोली, बाहेर अरुंद गॅलरी, शेजारची दारं उघडी. तिने दार उघडलं आणि दोघांना ओळखलं. आत या म्हणाली नाही. पाळक खाली बघत पुटपुटले.

तिने मान वळवून डावा कान पुढे केला. "मोठ्याने बोला. उजव्या कानाने ऐकू येत नाही मला. त्याच्या हाताने गेला तो."

पाळकांनी दाराची चौकट धरली. बाईंना हे ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

"मला माहीत होतं," पाळक म्हणाले.

"आणखी मोठ्याने."

"मला माहीत होतं. तो तुला मारतो हे माहीत असून मी तुला तिथेच राहायला सांगितलं. आणि तू आपणहून गेलीस, असं सगळ्यांना समजू दिलं." आता ते जवळजवळ ओरडत होते. शेजारच्या बायका दारात आल्या. एकजण ओला पोळपाट हातात घेऊनच उभी राहिली.

ती ऐकत होती. चेहऱ्यावर ना समाधान, ना दया.

"मी क्षमा मागतो," पाळक म्हणाले.

"तुमच्या सांगण्यावरून एकदा केली होती मी क्षमा," ती म्हणाली. "आता मी माझी ठरवीन, केव्हा करायची ते." मग तिने बाईंकडे पाहिलं. "आणि हे इथे बोलून काय उपयोग? तिथे बोला. माझी आई मरेपर्यंत त्याच मंडळीत मान खाली घालून बसत होती."

दार लागलं.

त्यानंतरच्या रविवारी पाळकांनी तिथे सांगितलं. मान हलवल्याचं, चहाचं, छपराचं, बायकोला आजारी ठरवल्याचं. आवाज चढवूनच सांगितलं, जणू मंडळीचाही एक कान गेला होता. अर्ध्या लोकांना ऐकवेना आणि ते उठून गेले. वखारवाल्यांनी समितीकडून पाळकांना महिन्याच्या आत घर रिकामं करायला लावलं. आता पाळक बाजारातल्या त्या खोलीत राहतात, बाईंनी कापलेल्या कपड्यांना काज-बटणं करतात आणि रविवारी दुसऱ्या एका मंडळीत मागे बसतात.

लोक बाईंना विचारतात, गेला का राग? त्या म्हणतात, "नाही. त्या पोरीला अजून एकाच कानाने ऐकू येतं." आणि मशीनचं पायडल दाबतात.