महिपत मापाड्याचा अंदाज

“नऊ टन,” महिपत स्वतःशीच म्हणाला.

मुरबाडच्या त्या कारखान्याच्या गेटातून ट्रक बाहेर पडत होता. वर ताडपत्री घट्ट बांधलेली होती, पण महिपतने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने मागचे टायर पाहिले. टायर चांगलेच दबले होते. आज सकाळपासूनचा हा तिसरा भरलेला ट्रक.

महिपत धसईच्या भातगिरणीवर चाळीस वर्षं मापाडी होता. गाडी वळणावर दिसली की हा इकडून वजन सांगायचा आणि काटा मागाहून तेच सांगायचा. गाडीत काय आहे, कुठून आणलं, असलं तो कधी कुणाला विचारत नसे. विचारून सांगितलं तर ते माप कसलं, असा त्याचा तोरा. गावानेही त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं. त्यामुळे त्याची लेक अंजू हिनेही त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, यात नवल नव्हतं.

अंजूचा नवरा जगन कामावर असताना विजेचा धक्का बसून गेला. कंत्राटदाराकडून साडेचार लाख मिळाले, ते तिने बापाच्या खात्यात टाकले. “वाढवा बाबा. मुरबाडला खोली घेईन, ब्लाऊज शिवीन,” एवढंच ती म्हणाली. खोली सापडलीही. चार लाख डिपॉझिट, भाडं नाही. घरमालकीण सारिकाताईंनी या महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती.

महिपतने त्यातले तीन लाख या कारखान्याच्या शेअरमध्ये घातले होते. चौऱ्याऐंशीने घेतलेला शेअर, मंदी आली आणि आज अकरावर उतरला. सगळा बाजारच झोपला होता. टीव्हीवरची माणसं परदेशच्या ऑर्डरी थांबल्या म्हणून रडत होती. महिपतला त्यांचं हसू यायचं. भाव पडतो, वजन पडत नाही, हे त्याला भाताने शिकवलं होतं. सुगीत पडलेल्या भावाने घाबरून विकणारे किती तरी मूर्ख त्याने पाहिले होते. म्हणून तीन आठवडे दर बुधवारी एसटीने येऊन, गेटासमोरच्या टपरीवर बसून तो ट्रक मोजत होता. इतका माल बाहेर पडतोय, तर अकरा रुपये भाव म्हणजे निव्वळ वेडेपणा होता.

उरलेले दीड लाख अकराने घातले, की शेअर सव्वीस-सत्तावीसला पोचला तरी मुद्दल मोकळं होत होतं. त्याने चष्मा सारखा केला, मोबाईलवर आकडा टाकला आणि बटण दाबलं. झटक्यात सगळे शेअर मिळाले. तो खूश झाला.

टपरीवाला धोंडी चहा घेऊन आला.

“घ्या महिपतदादा. उद्यापासून टपरी बंद.”

“का रे?”

“गिऱ्हाईक कुठं हाय? कामगारांना दिवाळीतच घरी बसवलं.”

“आणि हे ट्रक? भरून चाललेत की! माल हाय ना त्यांच्यात?”

“माल कसला, दादा! मशिनी हायत. पार मुळापासून उपटून नेतात. भंगारवाल्यानं घेतल्यात,” धोंडी म्हणाला. “तुमी दर बुधवारी बघत बसायचे, मला वाटलं तुमचाच ट्रक हाय त्यांच्यात. एका शब्दानं इचारलं असतं तर सांगितलं नसतं काय?”

नऊ टनच होते. त्याचं माप जराही चुकलं नव्हतं.

त्याने मोबाईल काढून सगळे शेअर विकायला लावले. विकणाऱ्यांची ही मोठी रांग दिसत होती आणि घेणारा एकही नव्हता. मघाशी घेणारा बहुतेक तो एकटाच होता.

चहा तसाच टाकून तो धसईच्या गाडीत बसला. अंजूला काय सांगायचं, ते त्याने वाटेत दहा वेळा जुळवलं आणि घरात शिरल्यावर एका दमात सगळं ओकून टाकलं. अंजू शिलाई मशीनवर बसली होती. तिचा पाय थांबला.

“दीड लाख तरी असतील ना?” तिने विचारलं.

“तेही आज घातले गो.”

तिने सुईखालचं कापड सोडवलं आणि त्याची घडी घालू लागली. तिने ओरडावं, निदान जगनचं नाव घेऊन रडावं, असं त्याला फार वाटलं. तो मेल्याहून मेला झाला. “शिव्या तरी घाल,” तो म्हणाला.

अंजूने फोन उचलला.

“सारिकाताई, अंजू बोलते. खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाका... नाय, नाय, पैशांचं काय नाय. बाबा तर म्हणतात, आजच घे. मीच नको म्हटलं. त्यांना एकटं टाकून कशी येऊ? म्हातारे झालेत आता.”

महिपत भिंतीला धरून खाली बसला. त्याला आजवर कुणी म्हातारा म्हटलं नव्हतं.

पलीकडून सारिकाताईंनी काहीतरी विचारलं असावं.

“बरे हायत ना, बरे हायत,” अंजू म्हणाली आणि तिने त्याच्याकडे पाठ केली.