नावाड्याचा भाऊ

“मार त्याला! वल्हं घाल त्याच्या टाळक्यात!” सासूबाई ओरडल्या.

सुनेनं माउस दाबला. पडद्यावरच्या नावाड्यानं वल्हं उगारलं, पुलावर बसलेल्या अस्वलाच्या दिशेनं दोन पावलं टाकली, आणि अस्वलानं त्याला कमरेत धरून खालच्या दरीत भिरकावून दिलं. एक बारीक किंकाळी, मग धप्प. पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली.

“काय म्हणतोय?”

“म्हणतोय, अस्वलाला तुमची ओळख आवडली नाही.”

“लिहिणारा मेला चावट आहे,” सासूबाई म्हणाल्या. “पुन्हा घे.”

“आई, मारामारीनं काही होत नाही या खेळात. चक्कीवाल्याला मारून बघितलं, शिंप्याला मारलं, त्या भिकारणीलाही मारायला लावलंत तुम्ही. दरवेळी आपलाच नावाडी मरतो.”

“मग मध दे.”

“दिला. मध खाऊन फेकतो.”

हनुवटीवर बोट ठेवून सासूबाई पडद्याकडे बघत राहिल्या.

कॉम्प्युटर जुना होता. जाड काचेचा, मागं कुबड आलेला. सासूबाईंचा मुलगा लग्नाआधी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होता, तेव्हाचा. मुलगा घरातून गेला, कॉम्प्युटर राहिला. एकदा सुट्टीच्या दिवशी नुसता चालतोय का बघू म्हणून सुनेनं तो लावला आणि त्यात हा खेळ सापडला. नदीकाठी एक नावाडी राहतो. त्याच्या भावाचा गळा चिरलेला सापडतो. नावाडी मग गावोगाव हिंडून मारेकरी शोधतो. पळायचं नाही, गोळ्या झाडायच्या नाहीत. माणसांशी बोलायचं, सापडेल ती वस्तू उचलायची आणि कोणती कुठं लागेल याचा विचार करायचा. उचललेल्या वस्तूंना दोघी ‘पोतडी’ म्हणत. सून इंग्रजी वाचून मराठीत सांगायची आणि डोकं सासूबाई चालवायच्या.

डोकं चालवायच्या आणि भांडायच्याही. विहिरीत उतरायला दोर लागत होता. तो एका झोपलेल्या माणसाची दाढी कापून, तिची वेणी घालून करायचा निघाला, तेव्हा त्या संध्याकाळभर चिडल्या होत्या. “दाढीचा दोर? आणि त्यावर धडधाकट माणूस लोंबकळणार? याला काही अर्थ आहे का!” पण स्मशानातला पहारेकरी बहिरा आहे, म्हणून त्याच्या कुत्र्यालाच आधी आपलंसं करायचं, हे त्यांनी सुनेच्या आधी ओळखलं होतं. त्यानंतर आठवडाभर त्या तोऱ्यात होत्या.

“खून चक्कीवाल्यानंच केलाय,” सुनेचं मत होतं.

“चक्कीवाला नुसता तोंडाळ आहे. मला विचारशील तर त्या दोघा भावांच्या आईला माहितीये सगळं. चुलीपुढं बसलेली दाखवतात बघ, काही विचारलं की नुसती राख चाळते. आयांना माहिती असतं.”

सून सरकारी दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत कामाला होती. डॉक्टर हाड बसवत, ती हात-पाय ताणून धरायची, ओल्या पट्ट्या गुंडाळायची, महिन्या-दीड महिन्यानं फिरत्या करवतीनं कापून काढायची. मशीनमध्ये सापडलेली बोटं, भावानं भावाचा पिरगळलेला हात, पहारीनं फोडलेला गुडघा, सगळं त्या खोलीत यायचं. बायका आल्या की बहुतेक जणी जिन्यावरून पडलेल्या असत. एकदा तीही त्याच स्टुलावर गळ्याखालचं हाड मोडून बसली होती आणि तिनंही जिनाच सांगितला होता. घर तळमजल्यावर होतं.

नवरा पहिल्यापासून मारायचा. आधी हातानं, मग पट्ट्यानं. सासूबाई तेव्हा म्हणायच्या, “भांड्याला भांडं लागतंच. तू उलट बोलू नकोस.” एकदा त्यानं तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, ती खाली पडली तरी लाथा घालत राहिला. तेव्हा सासूबाई मध्ये पडल्या. त्यानं आईच्या पोटात लाथ मारली. त्या भिंतीशी जाऊन आदळल्या, क्षणभर तशाच बसल्या. मग उठल्या, गॅसवरचं उकळतं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या पायांवर ओतलं. तो नाचत, किंचाळत दाराबाहेर गेला. दोघींनी मिळून कडी लावली. त्या दिवसापासून घरात दोघीच होत्या.

रविवारी दुपारी दोघी अस्वलापुढं अडून बसल्या होत्या आणि दार उघडंच होतं. तो आत आला, तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि तोंडाला दारूचा वास नव्हता.

“कॉम्प्युटर न्यायला आलोय,” तो म्हणाला. “माझा आहे तो.” मग त्याचं लक्ष पडद्याकडे गेलं आणि त्याला हसू फुटलं. “आई, तू हे खेळतेस?”

“मग? मी काय नुसती भाजी निवडू?”

“अजून अस्वलापाशीच?”

“हलतच नाही मेलं.”

त्यानं स्टूल ओढलं आणि माउस हातात घेतला. सून उठून बाजूला झाली. “त्याच्या नाकात वेसण दिसतेय का? दरवेश्याचं अस्वल आहे ते. पळून आलंय. त्याला मारायचं नाही, खायला घालायचं नाही. नाचवायचं.”

“अगं बाई! वेसण!” सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “पण पोतडीतला डफ तर फाटका आहे.”

“नावाड्याच्या बुटाचं कातडं काप. डफावर लाव.”

डफ वाजू लागला. अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहिलं आणि मान खाली घालून गोल गोल नाचू लागलं. पूल मोकळा झाला. सासूबाईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. मुलानं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनीही त्याच्याकडे बघितलं.

“बस,” त्या म्हणाल्या. “चहा टाकते.”

सून भिंतीला टेकून उभी होती. स्वयंपाकघरातून कपांचा आवाज आला. खास पाहुण्यांसाठी ठेवलेले कप सासूबाईंनी काढले होते.

“पुढं काय होतं ते सांगू नकोस हं!” त्या आतून म्हणाल्या. “कुणी मारलं ते आमचं आम्ही शोधणार.”

“नाही सांगत.” तो पाय पसरून बसला. “मी काय म्हणतो, मी इथंच राहायला येतो. झालं गेलं गंगेला मिळालं.”

आत कपांचा आवाज थांबला.

“चहा पी आणि जा तू,” सून म्हणाली.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिनं त्याला अरेतुरे केलं होतं. त्यानं आधी ऐकलंच नसल्यासारखं केलं. मग उठला, तिच्या केसांत हात घातला, मुठीला पीळ दिला आणि तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. ओठ फाटला. तिनं नखं त्याच्या मानेत रुतवली. त्यानं पुन्हा आपटलं. रक्त कीबोर्डवर सांडलं. डफ वाजतच होता आणि अस्वल नाचत होतं.

“जा तू? कुणाला म्हणतेस? माझ्या घरात मला?”

त्यानं तिसऱ्यांदा तिचं डोकं मागं खेचलं आणि तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. हातात लोखंडी बत्ता होता. त्यांनी हाक मारली नाही, सोड म्हटलं नाही. केसांत रुतलेल्या हाताच्या मनगटावर त्यांनी सगळ्या ताकदीनं बत्ता घातला.

हाड मोडल्याचा आवाज सुनेनं ओळखला. मूठ आपोआप सुटली.

तो ओरडला नाही. पांढराफटक पडून त्यानं आईकडे बघितलं. त्यांनी बत्ता पुन्हा उचलला होता. मग त्यानं चांगला हात कॉम्प्युटरमागं घातला आणि तो खाली ढकलला. काच फुटली तसा स्फोटासारखा आवाज झाला. तुकडे भिंतीपर्यंत उडाले, सासूबाईंच्या पोटरीत एक घुसला. डफ थांबला.

दाराशी जाऊन तो वळला. “नावाड्यानंच मारलंय भावाला!” तो ओरडला. “स्वतःच! शेवटी कळतं! घ्या, खेळा आता!”

सोमवारी सकाळी सून ओठाला टाके घालून कामावर गेली. तरुण डॉक्टरनं विचारलं, “हे काय झालं?”

“नवऱ्यानं मारलं,” ती म्हणाली. डॉक्टरला कुठं बघावं कळेना. “रजा घ्यायचीत,” तो पुटपुटला आणि पुढच्या रुग्णाचा एक्सरे उजेडात धरला. “मनगट. चांगलंच सरकलंय. आत बोलवा.”

तो आला. एवढा दवाखाना सोडला तर त्याला परवडेल असं जवळ दुसरं काही नव्हतं. हात दंडाएवढा सुजला होता. रात्रभर झोप नसावी. तिला बघून तो दारातच अडखळला.

“कसं लागलं?” डॉक्टरनं विचारलं.

त्यानं तिच्या ओठाकडे बघितलं. “पडलो.”

“बसा,” ती म्हणाली. “हात सैल सोडा. श्वास रोखू नका.”

डॉक्टर हातमोजे घालायला वळला, तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, “मुद्दाम जोरात ओढू नकोस.”

बधिर करायची सुई दिली होती, पण एवढ्या सुजेत ती पुरी पडत नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं एका हातानं त्याचा अंगठा आणि दुसऱ्यानं बोटं धरली. मोडलेली टोकं तिच्या हाताखाली सरकत होती. थोडं तिरकं ओढलं असतं, तर हात जन्मभर वाकडा राहिला असता आणि कुणाला शंकाही आली नसती. तिच्या ओठातला टाका ठसठसत होता. तिनं पाय रोवले आणि सरळ रेषेत, जितकं ओढायला हवं तितकंच ओढलं. डॉक्टरनं अंगठ्यानं हाड दाबलं.

“आई गं!” तो किंचाळला. “आई! आई गं!”

हाड बसलं. तिनं पट्ट्या भिजवल्या, पिळल्या, कोपरापासून बोटांपर्यंत गुंडाळल्या, तळव्यानं गुळगुळीत केल्या. “बोटं हलवत राहा,” ती म्हणाली. “निळी पडली किंवा फार सुजली तर लगेच या.” तो मान वर न करता निघून गेला.

ती घरी आली तेव्हा सासूबाई ओलं फडकं घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. पोटरीला चिंधी बांधलेली होती. काचेचा मोठा ढीग बाहेर गेला होता, पण बारीक कण अजून निघत होते. कॉम्प्युटरचा फुटका डबा त्यांनी कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे करून ठेवला होता.

“नावाड्यानं नसेल मारलं,” त्या म्हणाल्या. “हा रागानं काहीतरी बोलला.”

“असेल.”

“आला होता तिकडं?”

“हो.”

“हात नीट होईल?”

“होईल. हाड बरोबर बसलंय.”

सासूबाईंनी फडकं फरशीवर टेकवलं, उचललं, त्याला चिकटलेले कण बघितले.

“ओरडला का गं?”

“हो.”

“काय म्हणून?”

सुनेनं चपला काढून कडेला ठेवल्या. “सगळे ओरडतात तेच.”

सासूबाईंनी मान हलवली. मग त्या पुन्हा फडकं टेकवू लागल्या. टेबलाखाली, भिंतीच्या कडेला, दाराशी. जिथं काच उडाली नव्हती तिथंही त्या कितीतरी वेळ फडकं टेकवत राहिल्या.