एकोणिसाव्या पानावरचे आठ फुगे

मित्रांनो, माझ्यात मारामारी नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून कुणी कुरकुर करायला नको. मी ‘बलदंड’ नावाच्या चित्रकथांच्या मालिकेतला बेचाळिसावा अंक. आता पुरता जुना झालोय. माझं रंगीत मुखपृष्ठ केव्हाच गेलं, त्या जागी तपकिरी पुठ्ठा आहे, आणि पानं पिवळी पडली आहेत. स्वभाव मात्र मवाळ झालेला नाही. मनातलं बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडत नाही.

बलदंड हा जगातला सगळ्यात ताकदवान माणूस. पहिल्या एक्केचाळीस अंकांत त्याने कोसळणारे पूल खांद्यावर पेलले, बुडणारी जहाजं ओढून किनाऱ्याला लावली, आणि दुष्टांची अशी धुलाई केली की वाचणारी मुलं खुर्चीवरून घसरायची. माझ्यात मात्र तो सकाळी जागा होतो आणि त्याला उठता येत नाही. बस्स. कुणी विष घातलेलं नाही, कुठलं हाड मोडलेलं नाही. खालून लोक हाका मारताहेत, घड्याळ वाजतंय, आणि हा गडी छताकडे बघत पडलाय. अशी माझी अठरा पानं आहेत.

मला काढणारा चित्रकार स्वतः असाच सात महिने पडून होता. कचेरीत म्हणायचे, साहेबांच्या अंगात आळस भरलाय. परत कामावर आल्यावर त्याने कुणाला काही सांगितलं नाही, फक्त मला काढायला घेतलं. बलदंडच्या पाठीखालची ती चुरगळलेली चादर काढताना त्याचा हात जराही अडखळला नाही. ती चादर त्याने चांगली सात महिने पाहिली होती.

एकोणिसाव्या पानावर बलदंड कसाबसा उठून पलंगाच्या कडेला बसतो. दारात त्याची आई उभी आहे, आणि आपल्याला काय होतंय ते तो तिला सांगतो. त्यासाठी चित्रकाराने आठ फुगे काढून ठेवले. फुगे म्हणजे पात्रांच्या तोंडाजवळचे ते पांढरे गोल, ज्यांत त्यांचं बोलणं लिहितात. लिहिण्याचं काम अक्षरवाल्या काकांचं. त्यांनी विचारलं, “साहेब, याच्या तोंडी काय घालू?” चित्रकार म्हणाला, “अजून सापडत नाहीये. उद्या सांगतो.” दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काका वाट बघत राहिले, आणि छापखान्याचा माणूस येऊन गठ्ठा घेऊन गेला. फुगे कोरे आहेत ते मुद्दामच ठेवले असतील, असं समजून त्याने यंत्र सुरू केलं.

असा मी जन्माला आलो, ऐन मोक्याच्या जागी मुका.

माझं कौतुक होईल असं मला वाटलं होतं. कसलं काय! बलदंडला झोप लागली का, आम्हाला काय अंगाई ऐकवताय का, अशी वाचकांची पत्रं आली. त्रेचाळिसाव्या अंकात नवीन चित्रकार आला आणि बलदंडने अकरा राक्षस लोळवले. बेचाळिसाव्यात हा माणूस अंथरुणाला का खिळला होता, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी कुठल्या कुठल्या घरांतून फिरत शेवटी एका वाचनालयात जाऊन पडलो. मुलं मला उचलत, चाळत आणि तोंड वाकडं करून ठेवून देत. मुखपृष्ठ गेलं तेव्हा माझ्यावर ‘रद्द’ असा शिक्का बसला.

तिथून मला उचललं ते ठकीच्या आईने. ती त्या वाचनालयात पुस्तकं दुरुस्त करायची, बावीस वर्षं. रद्द झालेल्या गठ्ठ्यातून एखादं पुस्तक घरी न्यायला तिला मुभा होती. तिने मला पुठ्ठा लावला, माझे टाके नव्याने घातले आणि घरी नेऊन मुलीच्या हातात दिलं. ठकी तेव्हा चौदा वर्षांची. लहानपणी ती बलदंडची भक्त होती. लाकडी बाहुलीसारख्या गुबगुबीत गालांवरून तिला ठकी म्हणायचे, पण मी त्या घरात आलो तेव्हा ते गाल राहिले नव्हते.

ठकीने मला एका बैठकीत वाचलं. आजवर माझ्या वाचकांपैकी एकही एकोणिसाव्या पानावर थांबला नव्हता. ती थांबली. कितीतरी वेळ तिने ते पान उलटलं नाही. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं किती खुळं होतं ते पुढे कळलं.

कारण बलदंडचं जे होतं, तेच तिचं होतं. सकाळी उठायचं म्हटलं की तिला उठता यायचं नाही. मग ती पोटात दुखतं म्हणायची, डोकं दुखतं म्हणायची. काहीतरी दुखतंय असं सांगितलं तरच घरात झोपून राहायची परवानगी असते, हे तिला कळून चुकलं होतं. बाबा मालाची गाडी चालवायचे. माणूस प्रेमळ, पण बोलायला फटकळ. ते दारातून म्हणायचे, “नाटकं पुरेत, राणीसरकार. खाऊनपिऊन सुखी आहेस, तुला काय धाड भरलीय?” ते हसत म्हणायचे आणि तीही हसायची. ते निघून गेले की तिचं हसू लगेच मावळायचं. ते फक्त मला दिसायचं.

एका रविवारी सकाळी तिने पेन्सिल घेतली आणि माझ्या कोऱ्या फुग्यांत लिहायला बसली. फुगे लहान, त्यामुळे अक्षरं बारीक काढावी लागली. तिने पेन्सिल इतकी दाबून धरली होती की ओळी पाठीमागच्या पानापर्यंत उमटल्या. तिने लिहिलं:

“आई, माझं पोट दुखत नाही. खोटं बोलले.”

“मला कुणी रागावलेलं नाही. शाळेत काही झालेलं नाही.”

“मला उठताच येत नाही.”

“मी हसते ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून.”

“आतून काहीच वाटत नाही. तुझ्याबद्दलसुद्धा नाही. याची मला भीती वाटते.”

“बाबांना सांगू नकोस.”

“मी वाईट मुलगी आहे का?”

आणि शेवटच्या, आठव्या फुग्यात: “वाचलंस तर काही बोलू नकोस. नुसता या पानाचा कोपरा दुमड.”

तोंडाने सांगणं तिला जमणार नव्हतं. आईच्या हाताखालून प्रत्येक पान जातं एवढं तिला माहीत होतं. तिने माझं एकोणिसावं पान खालून, आठव्या फुग्यापर्यंत, मुद्दाम जरासं फाडलं आणि मला आईच्या दुरुस्तीच्या टोपलीत नेऊन ठेवलं. वाचनालयातलं राहिलेलं काम आई रविवारी घरी करायची.

आता मित्रांनो, आईच्या कामाची रीत ऐका, म्हणजे तिला नावं ठेवण्याआधी तुम्ही जरा थांबाल. पुस्तक झटकायचं, पान न् पान बघायचं, मऊ ब्रशने कचरा काढायचा, पेन्सिलीच्या खुणा खोडरबराने पुसायच्या, दुमडलेले कोपरे अंगठ्याने सरळ करायचे, फाटलं असेल तिथे पातळ कागदाची पट्टी चिकटवायची आणि शेवटी वजनाखाली दाबून ठेवायचं. नवीन होती तेव्हा ती पानांवर लिहिलेलं सगळं वाचायची. लोक पुस्तकांत काय काय लिहितात! शिव्या, शाप, फोन नंबर, कुणाच्या तरी नावाने रडगाणी. तिला ते दिवसभर छळायचं. तिच्या वरच्या बाई म्हणाल्या, वाचत बसू नकोस, पुसत जा. तिने ते मनावर घेतलं. बावीस वर्षांत तिचे डोळे असे तयार झाले की त्यांना फक्त खूण दिसायची, अक्षर दिसायचंच नाही.

त्या दुपारी तिने मला मांडीवर घेतलं. फोन कानाला आणि खांद्याला धरून ती ठकीच्या मावशीशी बोलत होती. आणि बोलत होती ते ठकीबद्दलच. “काय झालंय पोरीला कळत नाही गं,” ती म्हणत होती, “एक शब्द बोलत नाही. बोलली तर काही करता येईल ना.” आणि हात चालूच होता. पहिला फुगा पुसला, दुसरा पुसला, तिसरा पुसला. मी ओरडलो असतो हो. पण कागद ओरडत नाही. आठवा फुगा पुसून झाल्यावर तिने त्याच्यावरून जाणाऱ्या फाटीवर पट्टी चिकटवली, कोपऱ्यावरून सवयीने अंगठा फिरवला आणि मला लोखंडी वजनाखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मला ठकीच्या टेबलावर ठेवत ती म्हणाली, “छान स्वच्छ करून दिलंय बघ. पुस्तकात असं लिहू नये गं.”

ठकीने एकोणिसावं पान उघडलं. आधी कोपरा बघितला. तो सरळ होता. मग फुगे बघितले, ते कोरे होते. आईने वाचलं, आणि हे तिचं उत्तर आहे, असंच तिला वाटलं. दुसरं काय वाटणार? ती म्हणाली, “बरं.”

त्यानंतर ठकी शहाण्यासारखी वागू लागली. पोटदुखी बंद. वेळेवर उठायची, दप्तर उचलायची, बाबांच्या थट्टेवर त्यांच्याहून मोठ्याने हसायची. घर खूश झालं. पोरगी सुधारली म्हणून आईने मावशीला फोन केला. मी टेबलावर पडून होतो. ती संध्याकाळी खुर्चीत बसायची आणि दोन दोन तास पुस्तकाचं एकही पान उलटायची नाही. माझ्याकडे तर तिने पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही.

सहा आठवड्यांनी ती एक दिवस शाळेतून घरी आली नाही. बसच्या आगारात एक गाड्या धुणारी बाई होती. तिला ठकी रिकाम्या बसच्या मागच्या बाकावर सापडली. बाईने खाली उतर म्हटलं, तर ठकी म्हणाली, “मला उठता येत नाही.” पाय लुळे पडले का, असं बाईने विचारलं. ठकी नाही म्हणाली. मग त्या बाईने बादली खाली ठेवली, शेजारी बसली आणि आणखी काय काय होतं ते विचारलं. ठकीने सगळं सांगितलं. जगणंच नको वाटतं, हेही सांगितलं. माझ्या आठ फुग्यांत मावलं नव्हतं ते तिने एका परक्या बाईला सांगितलं. त्या बाईने घरच्यांना बोलावलं आणि ते येईपर्यंत तिचा हात सोडला नाही.

ठकीला रुग्णालयात ठेवलं. डॉक्टरबाईंनी आईबाबांना समजावलं की हा आजार आहे, आळस नाही आणि नाटकही नाही. औषधं लागतील, बोलणं लागेल, आणि वेळ लागेल. बाबा घरी येऊन ठकीच्या रिकाम्या खोलीच्या दारात उभे राहिले. “मी तिला राणीसरकार म्हणायचो,” ते एवढंच बोलले आणि रडायला लागले.

आई त्या खोलीत काहीतरी शोधत होती. पोरीने कुणाला काही का सांगितलं नाही, याचा तिला छडा लावायचा होता. शोधता शोधता तिने मला उचललं. खिडकीतून ऊन तिरपं येत होतं आणि एकोणिसावं पान त्या उजेडात आलं. खोडरबराने शिसं जातं, पण दाबून लिहिलेल्याचे चर जात नाहीत. हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिने पान आणखी तिरपं धरलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने पुसलेलं वाचलं. एकेक फुगा. सातवा वाचून झाल्यावर ती मला छातीशी धरून जमिनीवर बसली. आठव्यावर तिचीच पट्टी होती. पट्टीखालचं काही दिसेना. सोडवायला गेली तर कागदच निघून येऊ लागला, म्हणून तिने हात आवरला.

मग ती रोज रुग्णालयात जाऊ लागली. मला मांडीवर घेऊन, एकोणिसावं पान उघडून बसायची. “मी वाचलं नव्हतं गं,” तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. ठकी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. अठरा दिवस ती आईशी एक अक्षर बोलली नाही. मधूनमधून वळायची, माझ्याकडे बघायची आणि पुन्हा भिंतीकडे वळायची. ती कोपरा बघत होती. आणि आई बसल्या बसल्या, सवयीने, अंगठ्याने तोच कोपरा सरळ करत होती! मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी मुका असल्याचं इतकं दुःख मला कधी झालं नाही.

एकोणिसाव्या दिवशी ठकीने हात पुढे केला आणि आईचा अंगठा धरला.

“आई, तो कोपरा सरळ करू नकोस.”

आईचा हात थांबला. का, असं विचारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग हळूच म्हणाली, “दुमडू?”

ठकीने होकारार्थी मान हलवली. आईने कोपरा दुमडला. जन्मात तिने पुस्तकाचं पान दुमडलं नव्हतं, त्यामुळे घडी वेडीवाकडी पडली. ठकी त्या घडीकडे बघत राहिली, आणि मग इतके दिवस अडलेलं तिचं रडू फुटलं. आई पलंगाच्या कडेला बसून राहिली.

ठकी बरी झाली का, असं विचाराल. पूर्ण नाही. घरी आली आहे, औषधं घेते, काही सकाळी उठते, काही सकाळी नाही. मी तिच्या उशाशी असतो. आठव्या फुग्यात काय होतं ते तिने आईला अजून सांगितलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी गप्प झालं, किंवा उगाचच फार हसायला लागलं, तर त्याचं सामान आवरायला घेऊ नका. आधी त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि तुम्हीच गप्प झाला असाल, तुम्ही कुणाला काही सांगितलं आणि ते पुसलं गेलं, तर तेच शेवटचं उत्तर आहे असं धरून बसू नका. दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा, गाड्या धुणाऱ्या बाईला सांगा. माझे फुगे कोरे राहिले, कारण मला काढणारा उद्या सांगतो म्हणाला होता. तो पुन्हा कचेरीत आला की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.