खोलीत आलेलं भात

टेबलावरच्या कागदाची उजवी कड वर उठली होती. फार नाही, तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकी. रीट्टाने ती बोटाने दाबली. बोट काढताच कड पुन्हा उठली. कोरड्या हवेत कागद सपाट पडून राहतो. दिवाळी होऊन गेली होती, रिहे गावात भात कापून वावरात वाळत पडलं होतं. मग ही ओल आली कुठून?

रीट्टा फिनलंडची. मराठी कादंबऱ्या फिनिश भाषेत नेण्याचं काम करायची. एका पुस्तकापुरती म्हणून गोजराबाईंच्या स्लॅबच्या खोलीत राहायला आली, आणि चौथं पुस्तक हातात घेतलं तरी इथंच होती. तिच्या भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ दोघांना मिळून एकच शब्द. इथं मात्र ताटातला तो भात, आणि वावरातलं ते भात! ती चुकली की गोजराबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. आताशा चुकत नसे, तर त्यांना करमत नसे.

एक शब्द तिला पहिल्याच आठवड्यात जमला होता: बघू. बघू म्हणजे नाही. फक्त समोरच्याचं मन न मोडता. तिच्याही भाषेत नेमका असाच शब्द होता, आणि वडील गेल्यापासून ती भावाला फोनवर तोच ऐकवत होती. तळ्याकाठचं घर रिकामं पडलं होतं. परत येऊन राहा, नाहीतर विकू, असं त्याचं म्हणणं. इकडे गोजराबाईंचा मुलगा इंद्रजितही विचारत होता. खोलीचा करार संपत आला होता, लवळ्याच्या कॉलेजातली पोरं जागा मागत होती. त्यालाही उत्तर तेच: बघू.

ती बाहेर आली. गोजराबाई पायरीवर सुपात लसूण सोलत बसल्या होत्या.

“मावशी, पाऊस येणार.”

“आता गं कुटला पाऊस?”

“कागद वळलाय.”

“मंग इस्त्री फिरव त्याच्यावर.”

पण म्हणता म्हणता त्यांनी मान वर करून वारा हुंगला, आणि लसणाचं सूप बाजूला सरकवलं.

“इंद्रजित! पिरंगुटाला उद्या जा. भात आत घ्यायचंय.”

“आत म्हंजी कुटं? गोठा गळतोय, पडवीत माणूस मावत न्हाई.”

दोघांनी रीट्टाच्या खोलीकडे पाहिलं. कोरडी जागा एकच होती, पण भाडेकरणीकडे मागायची कशी? रीट्टा आत गेली आणि टेबल भिंतीला लावू लागली.

“अगं, भातामागं उंदरं येत्यात,” गोजराबाई दारातून म्हणाल्या. “तुजी पुस्तकं कुरतडतील.”

“त्यांनाही मराठी वाचू दे.”

दुपारपर्यंत तिघांनी भारे वाहिले. शेवटचे चार तेवढे भिजले. बाकीचं भात खिडकीपर्यंत रचून झालं तेव्हा डोंगर दिसेनासा झाला होता आणि गोठ्याच्या पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता. रीट्टा पलंगावर बसली. बसायला तेवढीच जागा उरली होती. तिने एक दाणा सोलून दातांखाली धरला. कट्‌कन तुटला. कोरडा होता. खोलीभर वाळल्या गवताचा गोडसर वास कोंडला होता, आणि तिला फार बरं वाटत होतं.

फोन वाजला. भाऊच होता. घराला गिऱ्हाईक आलंय, आजच सांग, म्हणाला.

गोजराबाई चहा घेऊन उंबऱ्यावर टेकल्या. “भाऊ का? काय म्हनतोय?”

“विचारतोय, येणार का.”

“मंग सांग की. किती दिस घोंगडं भिजत ठिवनार? आन् आमालाबी कळू दे. पर बघू म्हनलीस तर हा च्या मीच पेनार.”

रीट्टा फोनमध्ये तिच्या भाषेत बोलली. चार-सहा शब्द, सावकाश. पलीकडे भाऊ हसला, आणि तीही हसली. फोन ठेवून तिने कपासाठी हात पुढे केला.

गोजराबाईंनी कप मागे घेतला. “आदी सांग. काय म्हनलीस त्याला?”

“घर विकून टाक म्हटलं. मी इथंच राहणार, मावशी.”